घरातील तारांचे जंक्शन : स्विच कसा निवडावा?

१८५७ च्या जानेवारी महिन्यात बराकपूरच्या छावणीतील तारघर जाळण्यात आले. पुढे २९ मार्च रोजी मंगल पांडे यांनी त्याच छावणीत शस्त्र उचलले, हे आपण शाळेतच शिकतो. तारघराची आग मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांमधील तार १८५१ मध्ये सुरू झाली होती, म्हणजे हे साधन त्या वेळी जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. तरीही शिपायांचा रोष त्याच्यावर निघावा यात नवल नाही. ज्या ठिकाणी सर्व तारा एकत्र येतात, ते ठिकाण नाहीसे झाले की सारा मुलूख मुका होतो.

आज त्याच बराकपुरात घरोघरी एक लहानसे तारघर असते. पुस्तकाएवढी लोखंडी पेटी, तिच्यावर लुकलुकणारे हिरवे दिवे आणि तिच्यात खोचलेल्या निळ्या-करड्या तारा. हिला स्विच म्हणतात. हा शब्द भाषांतर करणाऱ्यास मोठा अडचणीचा आहे. विजेच्या दुकानात नुसता ‘स्विच द्या’ म्हटले, तर दुकानदार दिव्याचे बटण काढून देईल! म्हणून ‘नेटवर्क स्विच’ असे पूर्ण नाव सांगावे.

या पेटीचे पूर्वज आपल्याला नवे नाहीत. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिल हाउस स्ट्रीटवर टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तेथे माणूस बसून एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेस जोडून देई. स्विच हेच काम करतो, पण एका सेकंदात लाखो वेळा, आणि कोणाचे बोलणे चोरून न ऐकता. त्याच्या आधी ‘हब’ नावाची पेटी वापरीत. तिची रीत अशी, की जणू पोस्टमनने चाळीच्या अंगणात उभे राहून प्रत्येकाचे पत्र मोठ्याने वाचावे आणि ज्याचे असेल त्याने ते ऐकावे. साहजिकच गलका होई व सगळेच खोळंबत. स्विच मात्र पाहतो, की कोणत्या दारातून कोणत्या यंत्राचे पत्र आले. ते मनाशी टिपून ठेवतो आणि उत्तर नेमके त्याच दारी पोचवितो. पत्ता ठाऊक नसला तर एकदाच सर्वांना हाक मारतो. कित्येक मिनिटे ज्याची हालचाल नाही, त्याचा पत्ता तो विसरूनही जातो.

बाजारात आलेला या जातीचा पहिला स्विच सात दारांचा होता. १९९० मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने तो आणला आणि त्या कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या पत्नीचे नाव कंपनीस दिले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली आणि ते नाव मागे पडले.

आता मुख्य प्रश्न : आपल्याला स्विच लागतो का? पुष्कळ घरांत लागत नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही. इंटरनेट देणाऱ्याने बसविलेल्या राउटरच्या पाठीशी बहुधा तीन-चार दारे असतातच. एक संगणक व एक दूरचित्रवाणी संच एवढाच पसारा असेल, तर पैसे वाचवावेत. तसेच, स्विच घेतल्याने इंटरनेटचा वेग वाढेल ही आशाही धरू नये. बाहेरून सेकंदाला ४० मेगाबिटचा प्रवाह येत असेल, तर हजार मेगाबिटचा स्विच लावूनही तो ४० चाच राहणार. नळाला पाणी कमी असताना घागर मोठी आणून काय उपयोग?

परंतु समजा, आपली बदली बराकपुरास झाली आहे. तेथे मत्स्यसंशोधनाची केंद्रीय संस्था आहे, जवळच नीलगंजला तागाची आहे, वायुदलाचा तळ आहे. नोकरीच्या निमित्ताने दूरदूरच्या प्रांतांतील बिऱ्हाडे तेथे येऊन राहतात. घर दुमजली आहे, वर आपण राहता आणि खाली आपल्या पत्नी शिकवणीचे वर्ग चालवितात. खाली दोन संगणक, एक प्रिंटर, तीन कॅमेरे, त्यांचे चित्रण साठविणारा रेकॉर्डर आणि बिनतारी जोडणीचा एक ॲक्सेस पॉइंट आहे. वरच्या राउटरकडे जाणारी तार धरून ही नऊ दारे झाली. बाजारात पाच, आठ, सोळा आणि चोवीस दारांचे स्विच मिळतात. आठ दारांचा येथे एकाने अपुरा पडतो. अशा वेळी आठ-आठ दारांचे दोन स्विच एकमेकांस जोडावेत असे सुचविले जाते. पण त्या जोडणीतच दोन दारे खर्ची पडतात, शिवाय विजेची दोन छिद्रे अडतात. त्यापेक्षा सोळा दारांचा एकच बरा.

वेगाच्या बाबतीत शंभर मेगाबिटचा स्विच स्वस्त मिळतो आणि एकट्या कॅमेऱ्यास तो पुरतोही. तरी तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. हजार मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिटच्या, स्विचची किंमत आता फारशी अधिक नाही आणि ही वस्तू अनेक वर्षे टिकते. उलट, अडीच गिगाबिटचा स्विच घेण्याची घाई सामान्य घराने करण्याचे कारण नाही.

कॅमेरे व ॲक्सेस पॉइंट यांना वीज त्याच तारेतून पुरविण्याची सोय काही स्विचमध्ये असते; तिला पी. ओ. ई. म्हणतात. छताजवळ वेगळे विजेचे बटण बसवावे लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. येथे एक गफलत होते. पेटीवर ‘प्रत्येक दारास ३० वॅट’ असे छापलेले असते, पण सर्व दारांची मिळून मर्यादा निराळी असते आणि ती बारीक अक्षरांत असते. आपले तीन कॅमेरे प्रत्येकी ८ वॅट घेत असतील व ॲक्सेस पॉइंट १५ वॅट, तर बेरीज ३९ वॅट होते. एकूण मर्यादा ३५ वॅटची असेल, तर दिवसा सारे सुरळीत चालेल आणि रात्री कॅमेऱ्यांचे अंधारातील दिवे लागताच एखादा कॅमेरा बंद पडेल. ६० वॅटची मर्यादा असलेला स्विच घ्यावा. मोठ्या पी. ओ. ई. स्विचमध्ये पंखा असतो आणि त्याची घरघर शांत खोलीत असह्य होते. झोपण्याच्या खोलीजवळ बिनपंख्याचाच असावा.

साधा स्विच आणि व्यवस्थापन करता येणारा स्विच, असा आणखी एक भेद आहे. नुसत्या घरास साधा पुरे. परंतु शिकवणीस येणारी वीस मुले आपले भ्रमणध्वनी त्याच जाळ्यात जोडणार असतील आणि आपला बँकेचा हिशेब असलेला संगणकही त्यातच असेल, तर दुसऱ्या प्रकारासाठी थोडे पैसे जास्त द्यावेत. त्यात एकाच पेटीचे दोन स्वतंत्र विभाग करता येतात. मात्र आपल्या राउटरलाही हे विभाग ओळखता आले पाहिजेत, ही चौकशी आधी करावी. जोडून देणाऱ्याने ठेवलेला मूळ परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा.

साध्या स्विचचा एक स्वभावदोष ठाऊक असावा. केर काढताना एखादे मोकळे टोक दिसते आणि कोणीतरी सद्भावनेने ते रिकाम्या दारात खोचते. त्या तारेचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये असेल, तर संदेश गोल गोल फिरू लागतात, त्यांची संख्या वाढत जाते आणि क्षणार्धात सारे घर ठप्प होते. सर्व दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागले, की हाच रोग समजावा व ती तार उपटावी. याच रोगावर रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये उपाय शोधला. व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचमध्ये तो बहुधा असतो.

स्विचइतकेच लक्ष तारेकडे द्यावे. शुद्ध तांब्याची ‘कॅट ६’ तार घ्यावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास विकली जाते. ती वीज वाहून नेताना तापते आणि टोकाशी लवकर तुटते. आतील धागा पात्याने खरवडून पाहावा. पांढरा दिसला तर ती परत करावी. सियालदहची गाडी पकडून चांदनी बाजारात जाणार असाल, तर खिशात लहानसे पाते ठेवा! दोन टोकांमधील अंतर १०० मीटरपेक्षा जास्त नसावे.

बंगालमध्ये चैत्र-वैशाखात येणारी कालबैशाखीची वादळे हा खरा शत्रू. गच्चीवरील कॅमेऱ्याची तार विजेचा झटका सरळ घरात आणते आणि एका कॅमेऱ्यापायी स्विच, राउटर, संगणक सारेच जळू शकते. अशा तारेस झटकारोधक बसवावा, घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच, आकाश काळवंडताच, गच्चीची तार काढून ठेवावी. शेजारच्या इमारतीतील कचेरीशी जोडणी हवी असेल, तर तांब्याची तार ओढू नये. काचतंतूची ओढावी, कारण काच वीज वाहत नाही. पेटी भिंतीवर छातीच्या उंचीला, मोकळ्या हवेत असावी. बंद कपाटात ती तापते. आणि तळमजल्यावर पावसाचे पाणी शिरत असेल, तर जमिनीवर ठेवण्याचा विचारही नको.

तारा बसवीत असतानाच प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधून घ्यावी. पुढे बदली झाली तर भिंतीतील तारा तेथेच राहू द्याव्यात, स्विच मात्र न्यावा. आणि त्याचा अडॅप्टर त्याच्याच खोक्यात बांधावा. राउटरचा अडॅप्टर दिसावयास अगदी तसाच असतो, पण एक ५ व्होल्टचा आणि दुसरा १२ व्होल्टचा असू शकतो.