रंगावर जाऊ नका!

२१ ऑक्टोबर २०२१. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ या चित्रपटाच्या एका प्रसंगाची तयारी चालली होती. रिव्हॉल्व्हरमध्ये डमी काडतुसे आहेत, असाच सगळ्यांचा समज होता. त्यातले एक जिवंत निघाले. छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा त्यात बळी गेला, दिग्दर्शक जखमी झाले.

डमी काडतुसात दारू नसते आणि पेटणारी टोपीही नसते. कॅमेऱ्यासमोर ते हुबेहूब खऱ्यासारखे दिसावे लागते, पण सरावाच्या मैदानावर नेमके उलटे हवे असते. बंदूक भरायला, रिकामी करायला शिकणाऱ्याला हातातली वस्तू खोटी आहे हे पाहताक्षणी कळायला हवे. त्यासाठीचा एक सोपा उपाय म्हणजे पितळी पुंगळीचा रंगच बदलून टाकणे.

साध्या रंगाचा जाड थर इथे चालत नाही. बंदुकीच्या चेंबरमध्ये पुंगळी अगदी चपखल बसते, त्यामुळे रंग खरवडला जातो आणि त्याचे पापुद्रे आत साचतात. ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने सच्छिद्र थर चढवून त्यात लाल-निळा रंग मुरवता येतो. सरावाची ॲल्युमिनियमची काडतुसे तशीच रंगवतात. पितळ ही सोय देत नाही. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. रंग हवा तर त्यातल्या तांब्यालाच कामाला लावावे लागते. सेलेनियस आम्लाच्या द्रावणात पुंगळी बुडवली की पिवळा पृष्ठभाग आधी तपकिरी आणि मग काळा होतो. पृष्ठभाग तेलकट नसला तरच हे नीट जमते. बोटाचा ठसा राहिला असेल, तर काळ्यावर तेवढाच पिवळा डाग उमटतो.

याहून देखणी करामत आहे ती फोटोग्राफरच्या हायपोची, म्हणजे सोडियम थायोसल्फेटची. हायपो आणि लेड ॲसिटेटच्या गरम द्रावणात पितळावर लेड सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. थर जाड होत जातो तसा रंग सोनेरीवरून जांभळा आणि पुढे निळा होतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात ना, तसेच हे प्रकाशलहरींच्या खेळातून आलेले रंग. शिसे आणि सेलेनियम दोन्ही विषारी, तेव्हा हा घरी करून पाहण्याचा प्रयोग नव्हे.

तांब्याचे कार्बोनेट अमोनियात विरघळवून पितळ काळे करण्याची जुनी रीतही आहे. पण अमोनिया हा पितळाचा जुना वैरी. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना पावसाळ्यात भेगा पडत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून पुंगळी घडवताना धातूत राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते घडत होते. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याची उकल केली. ताण घालवायला पुंगळीचे तोंड तापवतात, आणि त्या उष्णतेने तिथे निळसर-तपकिरी छटा येते. लष्करी काडतुसांवर ती अनेकदा तशीच ठेवलेली असते. म्हणजे पितळाचा रंग बदललेला असूनही काडतूस पूर्ण जिवंत!

म्हणूनच लष्करे नुसत्या रंगावर विसंबत नाहीत. ब्रिटिशांच्या .३०३ ड्रिल काडतुसांच्या पुंगळीवर उभ्या खाचा पाडून त्यांत लाल रंग भरत. अमेरिकेच्या ५.५६ मिमी डमीवर सहा उभ्या पन्हळी असतात. अंधारातही त्या बोटांना कळतात. काही डमींच्या पुंगळीला आरपार भोक असते. दारू भरलीच तर सांडेल, इतका हा सरळ हिशेब. रंगापेक्षा भोक शंभरपट भरवशाचे.

अर्थात भोकही टोपीबद्दल काही सांगत नाही. १९९३ मध्ये ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवल्या, पण टोपी तशीच राहिली. टोपीच्या जोरावर गोळी नळीत सरकून अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक, म्हणजे दारू असलेले पण गोळी नसलेले काडतूस झाडले तेव्हा ती सुटली आणि अभिनेता ब्रँडन ली याचा मृत्यू झाला.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे असतात. असे एखादे काडतूस जुन्या ट्रंकेत काळवंडलेले सापडले, तर ते डमी समजून घासायला, उघडायला किंवा तापवायला जाऊ नका. वर्षानुवर्षांच्या हवेनेही पितळ काळे पडते. ते आहे तिथेच ठेवा आणि पोलिसांना कळवा.