सूर्याच्या शोधात भूगर्भात

सूर्याचा अभ्यास करायचा तर दुर्बीण आकाशाकडे रोखावी लागते. अमेरिकेच्या रेमंड डेव्हिस यांनी मात्र १९६० च्या दशकात साउथ डाकोटातील होमस्टेक सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, ६१५ टन द्रवाची टाकी बसविली. द्रव कोणता? तर ड्रायक्लीनिंगचा! त्यातील क्लोरिनच्या अणूवर सूर्याकडून आलेला न्यूट्रिनो आदळला, की त्याचा किरणोत्सारी आरगॉन होतो. मात्र विश्वकिरणांमुळेही आरगॉन तयार होतो, म्हणून माथ्यावर खडकाचे छत्र हवे. न्यूट्रिनो ते छत्र सहज भेदतात.

सुमारे तीस वर्षांत आरगॉनचे अवघे दोन हजार अणू हाती लागले. अपेक्षेच्या हे जेमतेम एक तृतीयांश होते. प्रयोगच चुकला असावा, असे अनेकांना वाटले. डेव्हिस यांनी तो पुन:पुन्हा तपासला. चूक त्यांची नव्हती, तशी जॉन बाहकॉल यांच्या गणिताचीही नव्हती. कॅनडातील सडबरीच्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये उलगडा केला. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि डेव्हिस यांच्या टाकीला त्यांतील एकच प्रकार टिपता येत होता. याचाच अर्थ न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे.

डेव्हिस मूळचे रसायनशास्त्रज्ञ. भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांनी डिसेंबर २००२ मध्ये स्वीकारले, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते.