ग्राउट किती आणायचं?

आईच्या खोलीला लागून असलेलं बाथरूम नव्याने करायला काढलं, तेव्हाची गोष्ट. भिंतींना बारा बाय अठरा इंची टाइल्स, आणि आई घसरू नये म्हणून जमिनीला दोन बाय दोन इंचांच्या खरखरीत टाइल्स. लहान टाइल्सना सांधे जास्त, त्यामुळे पाय धरून राहतो. दुकानदाराने विचारलं, "काम किती फूट?" मी म्हटलं, "दोनशे पाच." त्याने ग्राउटच्या एकेक किलोच्या चार पिशव्या दिल्या.

भिंती पुऱ्या झाल्या आणि पिशव्या संपत आल्या. दुकान बंद झालेलं. मिस्त्रीने उरलेला माल जमिनीवर पुरवून पुरवून फिरवला. वरून छान दिसत होतं. पण सांधे आतून पोकळच होते. पुढच्या पावसाळ्याआधीच भुगा निघू लागला, फटींत साबणाचं पाणी साचू लागलं. सगळे सांधे खरवडून पुन्हा भरले, तेव्हा आईचं बाथरूम चार दिवस बंद होतं.

चूक मिस्त्रीची नव्हती, हिशेबाची होती. ग्राउट टाइल्सवर नाही, सांध्यांत जातं. आता बघा, प्रत्येक टाइलच्या चारही बाजूंचा सांधा शेजारणीबरोबर निम्मा-निम्मा वाटलेला असतो. म्हणजे एका टाइलच्या वाट्याला एक लांबी आणि एक रुंदी एवढाच सांधा येतो. म्हणून लांबी-रुंदीची बेरीज करा, तिला त्यांच्या गुणाकाराने भागा. मग टाइलच्या जाडीने आणि सांध्याच्या रुंदीने गुणा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये हवीत. शेवटी १.६ ने गुणा, कारण एक लिटर पोकळी भरायला सिमेंटचं ग्राउट साधारण तेवढे किलो लागतं. येणारा आकडा एका चौरस मीटरचे किलो. चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट.

आमच्या भिंतीची टाइल ३०० बाय ४५०, जाडी ८, सांधा ३. उत्तर येतं मीटरला सुमारे २१० ग्रॅम. १६५ फुटांना सव्वातीन किलो. जमिनीची टाइल ५० बाय ५०, जाडी ६, सांधा तोच ३. इथे मीटरला चक्क १ किलो १५० ग्रॅम! जमीन अवघी ४० फूट, पण तिला सव्वाचार किलो हवं होतं. भिंतींच्या चौथा हिस्सा जागा आणि माल भिंतींपेक्षा जास्त. दुकानदाराने भिंतीच्या टाइलचाच दर सगळ्या कामाला लावला होता.

एकूण साडेसात किलो झालं. त्यावर वाया जाणारं दहा टक्के धरलं तर सव्वाआठ, म्हणजे नऊ पिशव्या. त्या एकदमच आणाव्यात आणि पिशवीवरचा बॅच नंबर एकच आहे ना, तेवढं पाहून घ्यावं. मागाहून आणलेल्या मालाचा रंग थोडा गडद-फिका निघू शकतो. जाडी मात्र अंदाजाने धरू नका, फुटक्या टाइलच्या कडेला पट्टी लावून मोजा. सांध्याची रुंदी स्पेसरवरून कळते. ती ३ ऐवजी २ ठेवली तर एक तृतीयांश माल वाचतो. इपॉक्सीचं वजन वेगळं असतं, तिथे डब्यावरचा आकडाच धरावा.

दुसऱ्या खेपेला मी हा हिशेब कागदावर मांडून नेला. दुकानदाराने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "काम किती फूट?"