वीज साठवावी कशात?

वीज निर्माण करण्यापेक्षा ती राखून ठेवणे अवघड आहे. सूर्य मावळला की सौर वीज थांबते, आणि दिवे लागतात ते नेमके त्याच वेळी. विजेच्या गाडीला तर आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघावे लागते. ही शिदोरी म्हणजे बॅटरी. तिच्यात किती वीज मावते, हे सर्वच विचारतात. ती कशाची केली आहे आणि ती करताना कोणाच्या जिवाला घोर लागतो, हेही विचारले पाहिजे, असे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांस वाटते.

आपल्या सर्वांत जुन्या ओळखीची बॅटरी शिशाची. फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ साली ती सिद्ध केली. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल, एवढाच तिचा संसार. स्वस्त असल्यामुळे ई-रिक्षांत व इन्व्हर्टरमध्ये ती आजही टिकून आहे. पण किलोभर वजनात ती जेमतेम ३५ ते ४० वॉट-तास वीज धरते. शिवाय शिशाची धूळ रक्तात भिनते. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवतात, तेथे हे विष आधी कामगाराच्या अंगी जाते, मग त्याच्या कपड्यांबरोबर घरी पोचते. लहान मुलांच्या मेंदूस ते फार बाधते.

१९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. एका कारखान्याच्या दोन शेड कल्पाव्या. बॅटरी भरताना लिथियमचे आयन एका शेडमधून निघून दुसरीत, ग्रॅफाइटच्या थरांत, जाऊन बसतात; वीज वापरताना परत फिरतात. आयन आतल्या वाटेने जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने. आणि बाहेरून जाणारे इलेक्ट्रॉन वाटेत मोटार फिरवतात. किलोमागे २०० वॉट-तासांहून अधिक वीज देणाऱ्या बॅटऱ्या या कुळात आहेत. मात्र त्यांपैकी पुष्कळांना कोबाल्ट लागतो. जगातील खाणींचा बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो, आणि त्यातला काही हिस्सा तेथे माणसे हातांनी खणून काढतात. त्या खड्ड्यांत मुलेही राबत आली आहेत.

कोबाल्ट टाळता येतो. लोह-फॉस्फेटची बॅटरी जॉन गुडइनफ आणि अक्षय पाधी यांच्या संशोधनातून १९९० नंतरच्या दशकात पुढे आली. ती वीज थोडी कमी धरते, पण उष्णतेला अधिक दाद देत नाही आणि पुष्कळ वर्षे टिकते. लिथियम मात्र तिलाही लागतेच.

म्हणून आता सोडियमकडे लक्ष वळले आहे. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला धातू. लिथियमच्या मानाने तो पृथ्वीच्या कवचात हजारपटीहून अधिक आहे. या बॅटरीत कोबाल्ट न घालताही काम भागते, आणि एका बाजूच्या तांब्याच्या पत्र्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियम चालते. अडचण एवढीच की सोडियमचा अणू मोठा व जड आहे: लिथियमचा अणुभार ७, तर याचा २३. ग्रॅफाइटच्या थरांत तो नीट मावत नाही. त्यास वेगळा, विस्कळीत रचनेचा कार्बन द्यावा लागतो. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या सोडियम घटाची धारणा किलोमागे १६० वॉट-तास होती. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील आयसर संस्थेबरोबर विकसित केलेले असेच तंत्र २०२३ मध्ये जाहीर केले.

दूर पल्ल्याच्या मोटारीस हलकी लिथियम बॅटरी शोभते. जी बॅटरी जागची हलायची नाही, तिचे वजन कोण मोजतो? वीजकेंद्राशेजारी सोडियमची, किंवा टाक्यांतील व्हॅनेडियमच्या द्रावणात वीज साठवणारी बॅटरी चालू शकते. चीनमधील दालियान येथे २०२२ मध्ये अशा द्रावणाचे ४०० मेगावॉट-तासांचे केंद्र सुरू झाले.

पण बॅटरीत मीठ आले म्हणून कामगाराच्या ताटात मीठभाकर आपोआप येत नाही. सोडियम घटातही बहुधा ज्वालाग्राही द्रव असतो, आणि शिशाच्या धंद्यावर जगणारी माणसे उद्या कोठे जाणार, हा प्रश्न उरतोच. आपल्या सरकारने २०२२ मध्ये केलेल्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती कागदावर राहू नये. नव्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून कामगाराची आरोग्यतपासणी व्हावी आणि जुन्या धंद्यातल्या माणसास नवे काम शिकवावे, ही आमची मागणी आहे. आपणही बॅटरी घेताना दुकानदारास किंमत विचाराल, तेव्हा ती जुनी झाल्यावर कोठे जाणार, हेही विचारा.