मटेरियल्स इंजिनीअरिंगमध्ये शिकतात काय? उत्तर कागलच्या भट्टीत
कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंग वरून गुळगुळीत दिसते. मशीनवर कापले की कधी आतले छिद्र उघडे पडते. माल रिजेक्ट, वीज-मजुरी वाया. दोष वाळूतल्या ओलाव्याचा की धातूतल्या वायूचा? हे शोधायला मेटलर्जी अँड मटेरियल्स इंजिनीअरिंग शिकवते.

काय शिकतात? धातूची आतली रचना. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखे असते, म्हणून ते ठिसूळ. थोडे मॅग्नेशियम मिसळले की त्याच्या गोळ्या होतात, बीड चिवट बनते.

प्रवेश कसा? पुण्याच्या सीओईपीत एमएचटी-सीईटी, नागपूरच्या व्हीएनआयटीत जेईई मेन, आयआयटी मुंबईत जेईई अॅडव्हान्स्ड.

‘कॉम्प्युटर’ हुकले म्हणून नाक मुरडण्याआधी एकदा फाउंड्री पाहून यावी.