पाणवेलींतला बास आणि माशीचा गळ

अमेरिकेच्या दक्षिणेकडील तळ्यांतून आढळणारा मोठ्या तोंडाचा बास हा मासा उघड्या पाण्यांत फारसा रमत नाहीं. कमळाचीं पानें, बुडालेलीं झाडें यांच्या सावलींत तो दबा धरून बसतो. जॉर्जियांत १९३२ सालीं जॉर्ज पेरी याला २२ पौंड ४ औंसांचा बास मिळाला होता! असा मासा झाडोऱ्यांतून काढणें सोपें नव्हे.

साध्या गळाचें वजनदार आमिष स्वतःच दोरी ओढून नेतें. माशीच्या गळाचें याच्या उलट आहे. पिसांची कृत्रिम माशी वजनाला जवळजवळ शून्य. वजन असतें तें जाड दोरीला, आणि दोरीच माशीला वाहून नेते. म्हणून धातूचा चमचा, किंवा १९४९ सालीं ओहायोंतील निक क्रीम यानें काढलेला मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ या काठीला लावला, कीं फेक बिघडते. प्रसंगीं गळ फेकणाऱ्याच्याच कानांत रुततो.

तरीही मार्ग आहे. आमिष लहान, हलकें घ्यावें. गळाचें टोंक त्याच्या अंगांत दडवावें, म्हणजे तें पानांवरून न अडकतां घसरतें. फेकतांना हात संथ ठेवावा व दोरीचा वळसा रुंद. कांहीं जाणते या मिश्रणाला माशीची मासेमारी म्हणावयास तयार नाहींत. बासाला त्याचें सोयरसुतक नसतें.

शेवटचा धागा मात्र आंखूड आणि जाड हवा. नाजुक धाग्याची हौस येथें माशाच्या जिवावर बेतते. मासा लागतांच त्याचें डोकें वर ओढून धरलें नाहीं, तर तो देठांना वेढे घालतो, धागा तुटतो आणि तोंडांत रुतलेला गळ घेऊनच तो खोल निघून जातो.