कासऱ्यापासून आरशापर्यंत : वळणाचे गणित

नरसीच्या नामदेवांना औंढा नागनाथाच्या देवळासमोरून उठवले, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि अख्खे देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा हिंगोली जिल्ह्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. देऊळ फिरवायला भक्ती पुरली. गाडी फिरवायची म्हटली, की मात्र भक्तीच्या जोडीला थोडे गणितही लागते. ते गणित गाडीवान करतो, एस. टी.चा ड्रायव्हर करतो, तिफण धरणारा शेतकरीही करतो. आपण गणित करीत आहोत हे त्यांच्या गावीही नसते, इतकेच. गेल्या दोनशे वर्षांत शहाण्या माणसांनी हे हातातले गणित कागदावर उतरवले आणि पुढे ते यंत्राच्या स्वाधीन केले. आता तर त्याच गणिताचा एक अत्यंत नाजूक प्रयोग औंढ्याच्याच माळावर व्हायचा आहे. तेव्हा ही वळणाची कहाणी मुळापासूनच पाहू.

बैलगाडीला सुकाणू का नसते?

बैलगाडीची दोन चाके एकमेकांशी बांधलेली नसतात, आखावर ती आपापली फिरतात. गाडीवानाने एका बाजूचा कासरा खेचला, की बैल वळतात, जू वळते आणि त्यामागून गाडी वळते. बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. भांडण नाही, घासाघीस नाही. आपल्या काळ्या मातीच्या गाडवाटेवर हा संसार शतकानुशतके सुखाने चालला.

खरी पंचाईत झाली ती चारचाकी गाडीची. युरोपातल्या बग्ग्यांचा पुढचा आख सबंधच्या सबंध मधल्या खिळ्याभोवती फिरवीत. वळण तीव्र झाले, की पुढचा पाया अरुंद होई आणि गाडी कलंडे. यावर म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने तोड काढली. आख जागच्या जागी ठेवायचा आणि दोन चाके तेवढी आपापल्या खिळ्यावर वळवायची! त्याचे लंडनमधले प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी 1818 साली तिकडे या युक्तीचे पेटंट घेतले. परिणाम असा, की आजही जगभरचे मोटार इंजिनिअर या रचनेला आकरमानचेच नाव देतात. बारसे दुसऱ्याच्याच घरी झाले म्हणायचे!

यातली खुबी एका उदाहरणाने कळेल. मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे, डाव्या-उजव्या चाकांत 1.4 मीटर. मागच्या आखाचा मध्य 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर न्यायचा आहे. तर पुढचे आतले चाक सुमारे 15 अंश वळले पाहिजे, पण बाहेरचे 13 अंशच. दोन्ही चाके सारखी वळवली, तर एक तरी रस्त्यावर फरफटणार आणि टायर झिजणार. एकाच घरातल्या दोन भावांना वळण लावायचे असले, तरी दोघांना सारखेच माप लावून चालत नाही, तसेच हे.

मोटारीची झाली सायकल

चार चाकांचा हिशेब मांडणे किचकट. म्हणून गणितज्ञांनी एक सोपी तोड काढली. पुढची दोन चाके मिटवून मध्ये एक चाक कल्पायचे, मागची दोन मिटवून दुसरे. झाली मोटारीची सायकल! मग नियम एका ओळीचा राहतो. दोन चाकांतल्या अंतराला वळणाच्या त्रिज्येने भागा. येईल तो भागाकार म्हणजे पुढचे चाक जितके वळवायचे त्या कोनाचा 'टॅन'. आपले अडीच मीटर आणि 10 मीटर घेतले, तर भागाकार पाव येतो आणि कोन 14 अंश. शाळेत त्रिकोणमितीचा कंटाळा आलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे, की स्टिअरिंगला हात लावला तेव्हाच त्यांनी ते गणित सोडवलेले असते.

तथापि हे गणित बाजाराच्या दिवशीच्या गर्दीतून जाणाऱ्या गाडीपुरतेच खरे. वेग वाढला, की टायर आपला स्वभाव दाखवू लागतो. रबर लवचिक असते. चाकाचे तोंड एकीकडे आणि गाडीची चाल किंचित दुसरीकडे, असे होते. या सरकण्यासकट सायकलीचे गणित रीकर्ट आणि शुंक या दोघा जर्मनांनी 1940 साली मांडले आणि आजही मोटारीच्या वळणाचा विचार तेथूनच सुरू होतो.

वेगाचा हिशेब तर प्रत्येक वाहन चालवणाऱ्याने पाठच करावा. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 36 किलोमीटर वेगाने गेलात, तर गाडीला आतल्या बाजूला ओढून धरायला दर सेकंदाला दर सेकंदी 2 मीटर इतके त्वरण लागते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी 72 करा. त्वरण दुप्पट होत नाही, चौपट होते : 8 मीटर. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड बहुधा याच्याच आसपास संपते. पहिल्या पावसाने रस्ता ओला झाला किंवा ट्रॅक्टरच्या चाकांची माती त्यावर सांडली, की ती कितीतरी आधी संपते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपल्याच मार्गाने जाते. वळणावर गाडी उलटली, की लोक नशिबाला बोल लावतात. पुष्कळदा दोष त्या चौपटीचा असतो.

तिफणवाल्याची नजर

आता प्रश्न असा, की यंत्राने ठरलेल्या रेषेवरून जावे तरी कसे? याचे उत्तर पेरणीच्या दिवसांत कुठल्याही शेतात मिळेल. नवखा मुलगा तिफण धरतो, तेव्हा बैलांच्या पायांकडे पाहतो आणि तास वाकडातिकडा पडतो. जाणता शेतकरी समोरच्या बांधावरचे एखादे झाड हेरतो, नजर तेथे ठेवतो, आणि तास सुतासारखा सरळ जातो.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1980 नंतरच्या दशकात आपोआप चालणाऱ्या गाड्यांसाठी हीच रीत गणितात बसवली गेली. आपल्या मार्गावर काही अंतर पुढे एक बिंदू धरायचा, आणि गाडीला त्या बिंदूतून नेणारा वर्तुळाचा तुकडा काढायचा. समजा, तो बिंदू 10 मीटरवर आहे आणि आपल्या नाकासमोरच्या रेषेपासून 1 मीटर बाजूला आहे. गणित सांगते, की 50 मीटर त्रिज्येचे सौम्य वळण घ्या. आता नजर आखूड करून 5 मीटरवरचा बिंदू धरा. बाजूचे अंतर तेच 1 मीटर. त्रिज्या येते साडेबारा मीटर! म्हणजे नजर निम्मी केली, तर वळण चौपट तीव्र. गाडी झटक्याने रेषेकडे धावते, रेषा ओलांडते, पुन्हा उलटी धावते आणि नागमोडी चालते. उलट नजर फार लांब ठेवली, तर वळणावरचा कोपरा कापला जातो. किती लांब पाहावे, हा संसारातला प्रश्न यंत्रालाही सुटलेला नाही. वेग जास्त असेल तेव्हा लांब पाहावे, एवढा व्यवहार मात्र दोघांनाही कळतो.

परदेशांतल्या मोठ्या शेतांवर उपग्रहांच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर अशाच गणिताने दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सरी धरतात. हळदीच्या गादीवाफ्यांवर जीव टाकणाऱ्या वसमतच्या शेतकऱ्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. पहिली सरी चुकली, की सारे शेत चुकते.

आगगाडीचे डुलणे आणि जहाजाचे सुकाणू

पूर्णा ते अकोला या मार्गावरची, हिंगोलीवरून जाणारी आगगाडी तुम्ही पाहिली असेल. तिला स्टिअरिंग नसते. मग ती वळते कशी? तिची चाके किंचित निमुळती असतात. आतल्या बाजूला मोठी, बाहेरच्या बाजूला लहान. आख उजवीकडे सरकला, की उजवे चाक जाड भागावर चालते, एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि जोडी आपोआप डावीकडे वळते. पण मध्यावर आल्यावर ती थांबत नाही, पलीकडे जाते, पुन्हा परतते. या डुलण्याचे सूत्र क्लिंगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1883 सालीच दिले होते. वेग फार वाढला, तर हे डुलणे शमण्याऐवजी वाढते. दुरुस्ती करण्याच्या ओघातच पुढची चूक घडते, हा धडा येथे मिळाला.

त्यावरचा उपाय जहाजावर सापडला. मूळचे रशियन, 1918 साली अमेरिकेत गेलेले निकोलाय मिनोर्स्की यांनी सुकाणू धरणारे कसलेले खलाशी बारकाईने न्याहाळले. त्यांना दिसले, की चांगला सुकाणूवाला तीन गोष्टी पाहतो. जहाज आता किती चुकले आहे, ही पहिली. ते किती झपाट्याने वळते आहे, ही दुसरी. त्यावरून तो वेळीच सुकाणू सैल सोडतो, उलटेही देतो, म्हणून जहाज रेषेपलीकडे जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मागची साठलेली चूक. वारा एकाच बाजूने सतत लोटत असेल, तर थोडी थोडी चूक साठत जाते. तिची बेरीज मनात ठेवून तो सुकाणू कायमचे जरासे वाकडे धरतो. वर्तमान, भविष्य आणि भूतकाळ असे तिन्ही काळ त्या एका मुठीत! मिनोर्स्कींनी 1922 साली हे गणितात लिहिले आणि 1923 साली 'न्यू मेक्सिको' या अमेरिकन युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. खलाशांना हे यंत्र आवडले नाही म्हणतात. त्यात नवल काय? पण आज कारखान्यातल्या भट्टीपासून आकाशातल्या विमानापर्यंत हाच तीन पायांचा नियम राबतो आहे.

जिंकणे आणि हरणे

माणसाविना मोटार लांब पल्ला गाठील काय, याची अमेरिकेत 2004 साली वाळवंटात शर्यत झाली. सुमारे 240 किलोमीटरच्या मार्गावर सर्वांत पुढे गेलेली गाडी 12 किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'स्टॅनली' या गाडीने सुमारे 212 किलोमीटर अंतर सात तासांच्या आत पार केले. तिच्या सुकाणूचा नियम साधा होता. तोंड रस्त्याच्या दिशेपासून जितके वाकडे असेल तितके चाक वळवा. शिवाय रस्त्याच्या मधोमधपासून जितके दूर असाल त्या मानाने आणखी वळवा, पण वेग जितका जास्त तितके हे दुसरे वळवणे कमी. चांगला ड्रायव्हर वेगळे काय करतो?

मात्र या कहाणीला काळी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. बोइंगच्या एका नव्या विमानात नाक आपोआप खाली करणारी यंत्रणा होती. ती एकाच मापकाच्या आकड्यावर विसंबत असे. मापकाने खोटे सांगितले, यंत्रणेने ते खरे मानले आणि वैमानिक नाक वर ओढत असताना ती पुन्हा पुन्हा ते खाली दाबत राहिली. ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशियाजवळ आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियात अशी दोन विमाने पडली. 346 माणसे गेली. बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. आकडा कोणाच्या तोंडून आला हे विचारायचे राहिले होते. गाडीवानाला बैल बुजला तर कळते. यंत्राला ते कळावे, अशी सोय माणसानेच करून ठेवावी लागते.

औंढ्याच्या माळावर

आता पुन्हा हिंगोलीकडे वळू. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळून उठलेली गुरुत्वलहर 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपली. तशीच वेधशाळा भारतात उभारण्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी 11 मे रोजी कोनशिला बसली. जागा औंढा नागनाथ तालुक्यातली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या कामात आहेत. काटकोनात 4-4 किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या टोकांना टांगलेले 40-40 किलो वजनाचे आरसे, अशी ही रचना.

येथे सुकाणू हवे ते आरशाला. आरसा एक मायक्रोरेडियन ढळला, म्हणजे एक किलोमीटरवर एक मिलिमीटर दिसावे इतका, तर परतणारा किरण त्याच्या दुप्पट कोनाने ढळतो आणि 4 किलोमीटरवर 8 मिलिमीटर चुकतो. एवढी चूक या कामाला फारच मोठी. म्हणून प्रत्येक आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांच्या मालिकेत शेवटी टांगायचा आणि क्षणोक्षणी गणिताने सावरीत राहायचे. दूरच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरचा ट्रक, वारा, साऱ्यांचे हादरे त्याच्यापर्यंत पोचू पाहतात. हादरे कमी असलेली जमीन हवी होती, ती औंढ्याला मिळाली. गंमत अशी, की आरशावर पडणाऱ्या प्रखर प्रकाशाचाच दाब त्याला पिळू पाहतो. आणि सावरणारा हात जरा जड पडला, तर त्या हाताचाच हादरा मोजमापात शिरतो. जहाजावरच्या खलाशाने वेळीच सुकाणू सैल सोडावे, तोच न्याय येथे, फक्त कित्येक कोटी पटींनी नाजूक.

आणि एवढे सारे कशासाठी? लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली, ते कळावे म्हणून. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना दिशा नीटशी सांगता येत नाही. युरोपच्या वेधशाळेची त्यांना मदत होते, पण पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक कान हवा. म्हणजे येथेही शेवटी प्रश्न दिशेचाच आहे.

तिफणवाल्याने झाड हेरले, खलाशाने ध्रुव हेरला, औंढ्याचा आरसा अब्जावधी वर्षांपूर्वीची टक्कर हेरील. साधने बदलली, पण वळणाचा कायदा तोच राहिला. लांब पाहावे, चूक लवकर ओळखावी, दुरुस्ती बेताने करावी, आणि जो आकडा आपल्याला वाट दाखवतो त्याचीही अधूनमधून झडती घ्यावी. ज्या दिवशी हे शेवटचे कलम आपण यंत्राला शिकवू, त्या दिवशी कासरा त्याच्या हाती द्यायला हरकत नाही.